खेळू दे

डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचं नाही, हा विद्यापीठाचा नियम संघाच्या डॉक्टरांच्याच संशोधनातून आला होता. खेळाडूंच्या खोलीत तो डॉक्टरांच्या फोटोसकट भिंतीवर लावलेला होता.

अंतिम सामन्यात गोलकीपर पोरीचं डोकं खांबावर आपटलं. डॉक्टर धावत गेले. "कसं वाटतंय बाळा?" ती नुसतीच हसली. सामना बरोबरीत होता, अख्खं विद्यापीठ श्वास रोखून बघत होतं. प्रशिक्षक कानाशी येऊन म्हणाले, "डॉक्टर, आज एवढं सांभाळून घ्या. हिच्याशिवाय आपलं काही खरं नाही."

पुढचे प्रश्न विचारायची डॉक्टरांची छातीच झाली नाही. "खेळू दे," म्हणाले, आणि मैदानाकडे पाठ करून उगाच बॅग आवरत बसले.

पोरीने शेवटचा गोल अडवला. कुलगुरूंनी सगळ्यांसमोर डॉक्टरांची पाठ थोपटली. "खेळ म्हणा, उपचार म्हणा, संशोधन म्हणा, आपला हात धरणारं कोणी नाही." डॉक्टरांना मान वर करवेना. तेवढ्यात चषक छातीशी धरून उभी असलेली पोरगी त्यांच्याकडे वळली आणि हळूच म्हणाली,



"सर, आपली मॅच कधी सुरू होणार?"