आजाऱ्यांची यादी

"शलोमी पाटोळे हिच्या आरोग्यासाठी प्रार्थना करू या," पाळकसाहेबांनी बायबलात ठेवलेल्या यादीवरून वाचलं आणि ते तिथेच थांबले.

शलोमीला मूठमाती देऊन चार दिवस झाले होते. तीन वर्षं दर रविवारी हे नाव वाचायची सवय. खोडायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिसऱ्या बाकावर तिची आई बसली होती. चर्चमधल्या सगळ्या माना खाली गेल्या.

"माफ करा, पाटोळेबाई," पाळकसाहेब पुटपुटले. "शेवटी देवाची इच्छा..."

"त्याची इच्छा मला सांगू नका!" ती ताडकन उभी राहिली. "तीन वर्षं उपास केले, गुडघ्यांना घट्टे पडले. तरी पोरगी नेलीच त्यानं. आज मी प्रार्थनेला नाही, त्याच्याशी भांडायला आलेय. भांडायला तरी दुसरं कोण उरलंय मला?"

पाळकसाहेबांनी खिशातलं पेन काढलं.

"खोडा तिचं नाव," ती म्हणाली. मग बाकाचा आधार घेत तिनं सावकाश तेच गुडघे जमिनीला टेकले.

"आणि तिथे माझं लिहा."