कोठीचा सूर

जुन्या गिरणीच्या उंच, गोल धान्यकोठीत गाण्याचा वर्ग सुरू झाला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मिस्त्रींना झाला. तीस वर्षं त्यांनी तिथली यंत्रं सांभाळली होती. आता ते किल्ल्या सांभाळत, आणि फटींतून अजूनही गळणारे दाणे वेचून चिमण्यांना टाकत.

वर्ग घेणाऱ्या बाईंचा आवाज गळ्याच्या ऑपरेशननंतर कायमचा बसला होता. पेटीवर सूर धरून त्या कुजबुजत शिकवायच्या. शिकायला येणाऱ्या आज्या आणि सुना मनापासून गायच्या आणि तितक्याच मनापासून बेसूर व्हायच्या.

कोठीत प्रतिध्वनी घुमायचा. तो मात्र सुरात यायचा.

"आपण चुकायचं आणि कोठीनं सुधारून घ्यायचं," म्हणत बायका हसायच्या.

मिस्त्रींना त्याचं भारी कौतुक. "तिला पहिल्यापासून भेसळ खपत नाही," ते म्हणायचे.

एका दुपारी बाई लवकर आल्या. अजून कुणीच आलं नव्हतं आणि पेटी बंद होती. त्या सतरंजी पसरत असताना वरून गाण्याची पहिली ओळ आली. आवाज बाईंचाच होता, ऑपरेशनपूर्वीचा, भरदार. ओळ संपली आणि आवाज थांबला, शिकवताना बाई थांबायच्या तसा.

बाईंनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला.

मिस्त्री लगबगीनं दारात आले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाई, आवाज परत आला की तुमचा," ते म्हणाले. "थांबू नका, पुढची ओळ म्हणा."

बाईंनी हात काढला नाही.

पुढची ओळ सुरू झाली.