मामलेदाराचा गुन्हा

संध्याकाळी सोनबा गुरं घेऊन घरी आला, तर सकाळची शिवण पुन्हा उसवलेली. वाकळ सोप्यात अंथरली होती तशीच होती, पण दोऱ्याचे तुकडे सगळीकडं पसरलेले, आणि त्यांच्या मधोमध मामलेदार पाय ताणून झोपलेला. मामलेदार म्हणजे त्यांचा बोका. हिर्डोशीत घरोघरी जाऊन भांड्यांची तपासणी करतो, म्हणून गावानंच हे नाव ठेवलं होतं. कालच त्यानं दुधाचं पातेलं पाडलं होतं, परवा सुकट पळवली होती. आता हे.

"मुडद्या, परत?" सोनबानं चप्पल उगारली. मामलेदारानं एक डोळा उघडला आणि मिटला.

खाटेवर त्याची बायको सखूबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती.  दिवाळीत उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ती फारसं बोलतच नव्हती. दवाखान्यातून आल्यावर पाय थोडा टेकायला लागला, हात मात्र मेला तो मेलाच. डॉक्टर म्हणाले होते, हात येईल, पण वापरला तर. नाहीतर कायमचा जाईल. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. तो तिनं मामलेदाराला खेळायला देऊन टाकला.

"म्हातारपणी चेंडू खेळू व्हय म्या?" एवढंच म्हणाली.

ज्या हातानं तिनं भात लावला, गावातल्या निम्म्या पोरांच्या वाकळी शिवल्या, तो हात ती आता पदराखाली झाकून ठेवायची. सोनबाला त्या मेल्या हातापेक्षा त्या पदराची भीती वाटायची. बाई अशी झाकली गेली की हळूहळू सगळीच जाते, हे त्यानं आपल्या आईच्या बाबतीत पाहिलं होतं.

म्हणून गडी हट्टाला पेटला होता. स्वयंपाक शिकला. नाचणीची भाकरी तव्यावर जाईपर्यंत तुटायची, तरी थापायचा. आणि मग ही वाकळ काढली. लेकीला, शिवानीला, दिवस गेले होते. तिच्या बाळासाठी सखूबाईनं आजारपणाच्या आधी जुन्या लुगड्यांचे थर लावून ठेवले होते. लावलेली वाकळ अर्धवट असताना घडी घालून ठेवू नये, असं तीच सगळ्यांना सांगायची.

"म्या शिवतो," म्हणून सोनबा बसला. आता वाकळ शिवायची ती कडेपासून, गोल फिरत फिरत आत यायचं. त्या डोंगरात हे लहान पोरीलाही ठाऊक. सोनबानं थेट मधूनच सुरुवात केली. टाके बोटबोटभर लांब, ओळ कुठल्या कुठं गेलेली, आणि कापडाला जागोजागी टेंगळं आलेली. पण रोज सकाळी शिवायचा. आणि रोज संध्याकाळी ते उसवलेलं सापडायचं.

शेवटी त्यानं ठरवलं, मामलेदाराची बदली करायची. कापूरहोळला पुतण्याचा, बाजीरावाचा ढाबा होता. तिथं उंदीरही होते आणि वाकळ नव्हती. दुसऱ्या दिवशी शिवण झाल्यावर गुरं शेजाऱ्याच्या हवाली केली, परसात बोक्याला गाठून पोत्यात कोंबलं, आणि घरात अवाक्षर न बोलता तो फाट्यावर जाऊन बसला. एसटी आली नाही. हिर्डोशीत एसटी न येणं ही काही बातमी नव्हे. उन्हं डोक्यावर आली तसं पोतं खांद्यावर टाकून तो माघारी वळला.

दार थोडं उघडं होतं. सोनबा उंबऱ्याबाहेरच थबकला.

सखूबाई खाटेवरून उतरून वाकळीवर बसली होती. त्याचे टाके उसवत होती. कापड डाव्या हातात आणि सुई उजव्या. त्याच मेल्या हातात. बोटांतून सुई निसटायची. ती चाचपून शोधायची, पुन्हा बोटांत धरायची आणि दात-ओठ खाऊन एक टाका वर काढायची. कपाळ घामानं भिजलं होतं.

"वाकळ शिवतोय म्हनं," ती स्वतःशीच पुटपुटत होती. "माज्या नातवाला असल्या टेंगळांवर निजवू व्हय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. संन्यासी पोत्यात होता, आणि चोर वाकळीवर. हाक मारावी, धावत आत जावं, तो हात हातात घ्यावा असं सोनबाला फार वाटलं. पण संसार केलेला माणूस होता तो. कुणी पाहिलं असं कळलं की हात परत पदराखाली जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पोत्याचं तोंड मुठीत आवळून तो पावलं न वाजवता फाट्यावर परत गेला, आणि गुरं परतेपर्यंत झाडाखाली बसून राहिला. अधूनमधून पोत्यावरूनच तो मामलेदाराची पाठ थोपटत होता.

सांजेला त्यानं बोक्याला परसात मोकळं सोडलं, अंगणातूनच मोठ्यानं खोकला, आणि आत येऊन मामलेदाराला नेहमीपेक्षा चार शिव्या जास्त घातल्या. सखूबाई भिंतीकडं तोंड करून पडलेली होती.

सकाळी शेजारची मंगल विरजण मागायला आली. सोनबा वाकळीवर बसून सुईत दोरा ओवत होता. ते मधलं टेंगूळ पाहून तिला हसूच आवरेना.

"तात्या, आवं ह्ये काय मांडलंय? द्या हिकडं. सांजपातुर पुरी करून देते."

सोनबानं खाटेकडं एकवार पाहिलं. मग ऐन मधोमध सुई खुपसून त्यानं बोटभर लांब टाका ओढला आणि आवाज खाली आणला.

"तुजा टाका सरळ पडंल गं, मंगल. त्यो उसवायला कोण उठंल?"