दुसरी किल्ली

गायनमास्तरांना पुरुष आवडतात हे कळलं, म्हणून प्रार्थनागृहाचं कुलूप बदलायला मला, सुताराला, बोलावलं होतं. “बारा वर्षं पोरं त्याच्या हवाली केली,” विश्वस्तकाका म्हणाले. “असली माणसं चालण्यावरूनच ओळखू येतात म्हणे. यानं मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली. तुझ्यासारख्या रांगड्या गड्याला किळसच येत असेल.” मी खाली मान घालून स्क्रू पिळत राहिलो. इतक्यात मास्तर किल्ली द्यायला आले. क्षणभर माझ्यापाशी थांबले. मी वर पाहिलं नाही. मग जुडग्यातली एक किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली, पाठोपाठ दुसरीही ठेवली आणि ते गेले. काकांनी ती दुसरी कपाटाला, कोठीला लावून पाहिली. “कुठेच लागत नाही. टाक भंगारात.” मी ती खिशात टाकली. तिथं तशीच एक होती. माझ्या घराचं कुलूपही मीच बसवलं होतं. दोघांना दोन किल्ल्या.