बारा वर्षांचा दरारा

बारा वर्षांनी नवरा बांधावरून येताना दिसला, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की याला आता परत कसा पाठवायचा.

माणूस वाईट नव्हता. अडचण एवढीच होती, की बारा वर्षं तिने गावाला वेगळाच नवरा सांगितला होता.

तो पलटणीत गेला त्याच आठवड्यात धाकटा दीर जमीन मोजायची दोरी घेऊन दारात हजर झाला होता. विहिरीकडची पट्टी आपल्या वाट्याची, असं त्याचं म्हणणं. पट्टी गेली की विहीर गेली, आणि विहीर गेली की उरलेल्या शेतात दगड पेरायचे. तिने सांगितलं, तुमच्या दादांना पत्र टाकते. शतक एकोणिसावं होतं. पत्र जायला चार महिने लागत, उत्तर यायला चार. तिला घाई नव्हती.

नवरा-बायको दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. वर्षातून एकदा कोऱ्या कागदावर अंगठा उठवून एकमेकांना धाडायचा, अंगठा आला म्हणजे माणूस जिवंत आहे असं समजायचं, एवढंच ठरलं होतं. पण वाचता दिरालाही येत नव्हतं. म्हणून ती कागदाची पाठ त्याच्याकडे करायची आणि मोठ्याने वाचून दाखवायची.

पहिल्या वर्षी कागद म्हणाला, मी येईपर्यंत थांब. तिसऱ्या वर्षी म्हणाला, पट्टीत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडून हातात देईन. सातव्या वर्षापर्यंत नवऱ्याने एक तोफ काखेत मारून नदी ओलांडली होती आणि एका लांडग्याला नुसते डोळे वटारून घरी पाठवलं होतं. दिराला आठवत होता तो दादा कोंबडी कापताना बघून आडवा व्हायचा. तसं तो एकदा चाचरत बोललाही.

"पलटणीत माणूस बदलतो, भावोजी," ती म्हणाली आणि कागदाची घडी घालून पिठाच्या डब्यात ठेवती झाली.

आता तो बदललेला माणूस बांधावरून येत होता. समोरून बैल आला तेव्हा तो खाली चिखलात उतरला आणि त्याने बैलाला वाट दिली. त्याच्यामागून दाराच्या चौकटीएवढा एक हवालदार चालत होता. मिशा अशा, की त्यांच्यावर कपडे वाळत घालावेत. क्षणभर तिला वाटलं, देवा, मागचाच माझा असू दे. बारा वर्षांत माणूस वाढतोही.

पण उंबऱ्यात आला तो पुढचाच. हवालदार फाटकाबाहेर थांबला. तिने नवऱ्याला ख्यालीखुशाली विचारली नाही. तोंड उघडायचं नाही, कपाळाला आठ्या घालून बसायचं, एवढंच कानात सांगितलं. त्याने आठ्या घातल्या. पोटात कळ आल्यासारखा दिसू लागला.

तेवढ्यात बातमी ऐकून दीर आलाच. दोरी काखेत होती, पण तो चार हात लांब उभा राहिला. नजर दादाच्या मुठींवर. त्याने घसा तीनदा साफ केला आणि अगदी बारीक आवाजात पट्टीचा विषय काढला.

"घे की," नवरा म्हणाला. "विहीर काय मी डोक्यावर घेऊन जाणार आहे?"

तिने डोळे मिटले. बारा वर्षांचा दरारा दोन शब्दांत पाण्यात गेला होता. डोळे उघडले तेव्हा दीर विहिरीपाशी पोचून खुंटी ठोकत होता. दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता, म्हणून त्याने ते दादाच्याच हातात दिलं होतं. आणि दादाने ते नीट ताणून धरलं होतं.

फाटकाबाहेर हवालदाराने बूट काढले. तो आत आला, तिच्यासमोर टाचा जुळवून उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला. नवऱ्याला नव्हे, तिला. दिराचा हात खुंटीवर तसाच थांबला.

हवालदार बोलू लागला तो सगळं हजेरी दिल्यासारखं. यांचा माणूस बारा वर्षांत एकदाही आघाडीवर गेला नव्हता. पुढे सरका असा हुकूम आला, की तो खिशातून यांचा कागद काढायचा आणि सगळ्यांकडे कागदाची पाठ करून वाचायचा, की यंदा बायको नको म्हणते. पहिल्यांदा साहेबांनी त्याला कोठडीत घातलं. दुसऱ्यांदा पलटण त्याला सोडून गेली, आणि परत आली ती अर्धी लंगडत, अर्धी अनवाणी. तिसऱ्यांदा साहेबांनी आधी कागद वाचायला लावला. चौथ्यांदा कागदाने सांगितलं, डावीकडून जा. गेले, तर शत्रू जेवून झोपलेला. तेव्हापासून पलटणीत यांचं नाव कोणी बसून घेत नाही.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या पायाच्या अंगठ्यांकडे पाहत होता. दोरी मात्र अजून ताणून धरली होती.

दीर खुंटी उपटू लागला. आवाज होऊ नये म्हणून तिच्याभोवतीची माती बोटांनी उकरत होता.

हवालदाराचा हात कपाळावरून खाली आला नव्हता. त्याने आवाज हळू केला.

"साहेबांनी विचारायला पाठवलंय, बाईसाहेब. पुढच्या महिन्यात लढाई आहे. करायची का?"