नाताळपूर्वी ताबा

कालीत्सा गेल्याचा फोन अथेन्सच्या इस्पितळातून आला, त्या फेब्रुवारीत वाऱ्यामुळे कार्पाथोस बेटावरून एकही बोट सुटत नव्हती. तिचा नवरा मिनास तीन दिवस धक्क्यावर बसून राहिला आणि तिकडे लेकीने आईला पुरलं.

बेटावर आईचं घर थोरल्या लेकीला जातं. त्यामुळे तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात ती लेक, सेवास्ती, एका जर्मन जोडप्याला घर दाखवायला घेऊन आली, तेव्हा मिनासला अडवता येईना.

"छप्पर गळतं," तो पाहुण्यांना म्हणाला. "दारापर्यंत रस्ता नाही, ओझं गाढवावरून आणावं लागतं. हिवाळ्यात बोट आली तर आली."

प्रत्येक खोट ऐकून त्या बाईचे डोळे जास्तच चमकत होते. "असंच तर हवं होतं," ती मोडक्या ग्रीकमध्ये म्हणाली. "अजून कुणी बिघडवलेलं नाही. नाताळपूर्वी ताबा मिळेल?"

"मिळेल की," सेवास्ती म्हणाली.

"फेब्रुवारी सरू दे," मिनास म्हणाला.

"बाबा, भाव वाढवताय की माझी फजिती करताय? माझ्या घरी राहायला नेतेय तुम्हाला, तुरुंगात नाही."

"फेब्रुवारीत काय आहे?" त्या बाईच्या नवऱ्याने विचारलं.

मिनास पाहुण्यांशी नाही, लेकीशी बोलला.



"अथेन्सला कबर तीनच वर्षांसाठी मिळते, मग हाडं काढून आपल्या हातात देतात, तुझ्या आईला घरी आणायचं राहिलंय अजून."