अट क्रमांक सत्तेचाळीस

नदीकाठी सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र उभारायचं होतं. जागा सरकारची, यंत्रं कंपनीची, भागीदारी वीस वर्षांची. निविदा लिहिणाऱ्या बाईंनी शेहेचाळीस अटी जुन्या फायलीतून उतरवल्या आणि सत्तेचाळिसावी पदरची घातली: केंद्रातलं पाणी नदीला जिथं मिळतं, तिथून शंभर पावलं खाली कंपनीच्या प्रमुखानं सहकुटुंब राहावं, आणि त्या घराच्या नळाला नदीचंच पाणी असावं.

बैठकीत ही अट वाचून चार कंपन्यांची माणसं आधी हसली, मग एकेक करून उठून गेली. पाचवा, एक म्हातारा कंत्राटदार, बसून राहिला.

"मला मान्य आहे," तो म्हणाला. "सून, नातवंडं, सगळ्यांना घेऊन येतो राहायला. फक्त एक शंका होती."

"विचारा की," सरकारी खात्याचे मोठे साहेब खुशीत म्हणाले.

"भागीदारी आहे ना साहेब आपली? मग शेजारचं घर तुमचं धरू का?"

साहेबांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. बाई मान खाली घालून लिहीत होत्या. बैठकीतली प्रत्येक शंका जशीच्या तशी नोंदवायची, असा नियमच होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या सहीनं शुद्धिपत्रक निघालं: अट क्रमांक सत्तेचाळीस वगळण्यात येत आहे. कारणाचा रकाना साहेबांनी कोराच ठेवला होता. तो बाईंनी भरला.

"एका भागीदाराची हरकत."